साखळीची सहावी कडी

गुरुवारी आमच्या मोशीत बऱ्याचदा लाईट नसते. कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणून वीजवाल्यांची दुरुस्तीही गुरुवारची. मिक्सर बंद, गिझर बंद, दारावरची बेलही बंद. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस सोसायटीतली माणसं एकमेकांची दारं हातानं वाजवतात, आणि नुसत्या वाजवण्यावरून कोण आलंय ते मला आता कळतं. कचरेवाली मावशी तळहातानं थाप मारते. वरच्या मजल्यावरची मिनल अंगठीनं टकटक करते.

त्या गुरुवारी सव्वाआठला मी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होते. माझी मुलगी निशिगंधा केस धुऊन बसली होती आणि ड्रायर चालत नाही म्हणून माझ्यावर रागावली होती, जणू वीज मीच तोडली. दार एकदा वाजलं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा, आधीच्यापेक्षा हळू. असं दार आमच्या इमारतीत एकच माणूस वाजवतो.

तळमजल्यावरचे रंगराव होते. तिसऱ्या पाळीवरून, चाकणहून, कंपनीच्या बसनं थेट आलेले. अंगात करडा शर्ट, पायात लोखंडी नाकाचे बूट, खांद्याला डब्याची पिशवी. डोळे कांदा चिरल्यासारखे.

"वैनी, गडबडीत हाव का?"

"चटणी कुटतेय. आत या ना, चहा टाकते. गॅसला लाईट लागत नाही."

"नको. बूट काढले तर बसावं लागंल, अन् बसलो की उठायचो न्हाई. हितंच बोलतो." त्यांनी चौकटीला हात लावला. "निशिगंधाला कांजिण्या आल्त्या, तवा मी एक पुस्तक दिल्तं. साखळीचं. एक्केचाळीस नंबर. ते हाय का तुमच्याकडं?"

मी मनात हिशेब केला. निशिगंधा तेव्हा दुसरीत होती, आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे.

"असेल ना," मी म्हणाले. "माळ्यावर असेल."

"अकरा वाजता पायजे," ते म्हणाले, आणि लगेच, "म्हंजे मिळालं तर."

बारा-तेरा वर्षांत त्यांनी त्या पुस्तकाचा एकदाही विषय काढला नव्हता. आणि मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं, की ते कुठे आहे याची मला काडीची कल्पना नाही.

रंगराव कोण, ते आधी सांगते, म्हणजे हे पुस्तक काय ते कळेल.

ते उदगीरकडचे. आयटीआय अर्धवट सोडून इकडे आले ते पंचवीस किलोची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन. पेटीत कपडे कमी आणि 'साखळी'चे अंक जास्त. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: 'साखळी' हे त्यांच्या लहानपणी निघणारं रंगीत चित्रकथांचं मासिक. सोलापूरकडच्या कुठल्याशा छापखान्यातून यायचं. चौसष्ट अंक निघाले आणि बंद पडलं. त्यात अचाट ताकदीच्या माणसांची एक टोळी होती. वज्रा नावाची बाई, जिच्या अंगावर गोळी वाकडी व्हायची. निखारा, वावटळ, आरसा, गरुडी. धरण फुटायला आलं, आगगाडी पुलावर अडकली, की ही मंडळी हजर.

आणि सहावा होता ओझ्या. त्याला उडता यायचं नाही, आग लावता यायची नाही. त्यानं कुणाच्या खांद्यावर हात ठेवला, की त्या माणसाचा थकवा ह्याच्या अंगात यायचा. एवढंच. लढाई ऐन रंगात आली, वज्राचे गुडघे लटपटायला लागले, की ओझ्या मागून यायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "आण इकडं." वज्रा ताजी होऊन पुन्हा धावायची. ओझ्या पायरीवर नाहीतर दगडावर जाऊन बसायचा. शेवटच्या चित्रात बाकी सगळे झेंड्यासारखे उभे, आणि कोपऱ्यात हा बसलेला.

हे मला सगळं रंगरावांनी सांगितलेलं आहे, जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, गणपतीच्या रांगेत. त्यांच्या बायकोनं, चतुराबाईंनी, माझ्यासमोर एकदा विचारलं होतं, "अख्ख्या टोळीत तुमाला ह्योच येडा सापडला व्हय आवडायला?" तेव्हा ते नुसते हसले होते.

कंपनीत रंगराव रिलीव्हर आहेत. गाड्यांचे भाग जोडायच्या ओळीवर प्रत्येकाची जागा ठरलेली असते, आणि पट्टा थांबत नाही. कुणाला लघवीला जायचं, कुणाच्या पोटात दुखतंय, कुणाला गावाकडून फोन आलाय, की रिलीव्हर त्याच्या जागी उभा राहतो. आठ मिनिटं. तो आला की पुढच्याच्या जागी. बावीस जागा आहेत आणि बावीसही कामं रंगरावांच्या हाताला येतात. स्वतःची अशी जागा मात्र नाही. प्रत्येक जागेवर कामगाराचा फोटो आणि नाव लावलेलं असतं. ह्यांचा फोटो कुठेच नाही, कारण लावायचा कुठे?

अंक त्यांनी घरी ठेवले नाहीत. दोन खोल्यांत चार माणसं, ठेवणार कुठे. कंपनीच्या जेवणघराच्या मागे एक रिकामं लोखंडी कपाट पडलं होतं, त्यात ओळीनं लावले. जेवणाच्या सुट्टीत कुणीही काढावं, वाचावं, परत ठेवावं. बिहारची पोरं आधी चित्रं बघायची, मग एकेक शब्द विचारायची. त्यातली काही मराठीत पहिलं वाक्य शिकली ते "आण इकडं". अजूनही ओळीवर कुणी जड ट्रे उचलताना दिसला की कुणीतरी ते म्हणतंच, असं रंगराव सांगतात.

मग तीन वर्षांपूर्वी ते झालं.

कारखान्यांत आवराआवरीची एक पद्धत असते. जिचा मालक कळत नाही, उपयोग कळत नाही, अशा प्रत्येक वस्तूला लाल तिकीट लावायचं. तीस दिवस थांबायचं. तेवढ्यात कुणी येऊन तिकिटावर आपलं नाव लिहिलं तर वस्तू राहते, नाहीतर भंगारात. परदेशातले पाहुणे तपासणीला येणार होते, आणि तिकीट लावत फिरणाऱ्या चौघांत रंगराव होते, कारण त्यांना सगळा कारखाना पाठ. फिरत फिरत मंडळी जेवणघराच्या मागे आली. कपाटावर नाव नव्हतं. बरोबरचा साहेब म्हणाला, "हे कोणाचं?"

"सगळ्यांचं," रंगराव म्हणाले.

"सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. लावा."

रंगरावांनी लावलं. स्वतःच्या अक्षरात तारीख घातली, मालकाच्या रकान्यात रेघ मारली. नियम तो नियम. उद्या येऊन नाव लिहू, असा विचार केला. दुसऱ्या दिवशी तळेगावच्या कारखान्यात दोन रिलीव्हर आजारी पडले म्हणून ह्यांना तिकडे पाठवलं. आज सोडतील, उद्या सोडतील करत पाच आठवडे गेले. परत आले तर कपाटाच्या जागी जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांचा स्वच्छ चौकोन, आणि त्यात आग विझवायची लाल नळकांडी.

"भांडायचं ना," मी तेव्हा म्हणाले होते.

"कुणाशी, वैनी? अक्षर माजंच व्हतं."

चौसष्टातला एक अंक तेवढा वाचला होता, तो माझ्याकडे. त्याबद्दलही त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं असेल, आहे तिथे बरा आहे.

यंदाच्या दिवाळीत 'साखळी'वर सिनेमा आला. मोठा, चकचकीत, मराठीतसुद्धा आवाज दिलेला. पोरं वेडी झाली. छातीवर साखळीचं चिन्ह असलेले काळे टीशर्ट मोशीपासून चाकणपर्यंत दिसायला लागले. रंगराव चतुराबाईंना घेऊन पहिल्याच आठवड्यात गेले. पडद्यावर वज्रा आली, निखारा आला, वावटळीनं एक अख्खा पूल उचलला. ओझ्या आला नाही. मध्यंतरानंतर येईल, असं ते म्हणाले. शेवटी येईल. नावं संपल्यावर येईल, आजकाल तसं दाखवतात. "झाडू मारनारी बाई म्हनली, दादा, पाय वर घ्या," हे चतुराबाईंनी मला सांगितलं, आणि सांगताना त्या हसल्या नाहीत.

कपाट गेल्यानंतर कंपनीत लागलेल्या तरुण पोरांनी ह्या सिनेमाचं एक चाहता मंडळ काढलं होतं. मंडळाचा पुढारी गणराज, ओळीवरचाच सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा इंजिनिअर. त्यांच्या मोबाईलवरच्या ग्रुपात रंगरावांनी एक ओळ टाकली: सहावा कुठाय? उत्तरं आली, कोण सहावा, काका? रंगरावांनी आठवेल तसं सगळं लिहिलं. पोरांनी मोबाईललाच विचारलं, मोबाईल म्हणाला असा कोणी नव्हता. मग चेष्टा सुरू झाली. ओळीवर जाता-येता, "काका, तुमचा हिरो रिजेक्शनच्या डब्यात गेला वाटतं," "काका, ओझ्या आज कोणत्या पाळीला आहे?" गणराज त्यातला त्यात बरा. तो म्हणाला, गुरुवारी अकराला आमचा मेळावा आहे, पुरावा घेऊन या, पाच मिनिटं तुमची.

म्हणून ते दारात उभे होते.

"सिनेमात घेऊ नका की," ते मला म्हणाले. "त्यांचा पैसा, त्यांची मर्जी. पन नव्हताच म्हनू नये. व्हता तो."

मी निशिगंधाला शिडीवर चढवलं. केस ओले ठेवून चढायला लावलं म्हणून ती आणखी रागावली. माळ्यावरून जुनी दप्तरं, स्वेटरची गाठोडी आणि फुटका फिशटँक उतरला. रंगराव दारातून आत आले नाहीत. खाली येईल ती वस्तू उंबऱ्याबाहेरून हात लांबवून घेत होते आणि भिंतीला नीट लावून ठेवत होते. मी तीनदा बसा म्हणाले. तीनदा त्यांनी नको म्हटलं.

तेवढ्यात चतुराबाई जिना चढून वर आल्या. बुटक्या, काटक, हाताला पोळीचं पीठ.

"ताई, हितं हायती व्हय हे. मी खाली वाट बघून दमले. रातभर उभं ऱ्हायचं आन् सकाळी लोकांच्या दारात उभं ऱ्हायचं." मग नवऱ्याकडे वळून, "त्या पोरान्ला काय दाखवायचं ते फोनवर दाखवा की. आवो, झोपा जरा."

"अकरानंतर झोपतो."

"अकरानंतर तुमाला कुनीतरी बोलवंलच. कुनाचं पोट दुखंल, कुनाची सासू मरंल."

"आई," वरून निशिगंधा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "तू गौरींचे मुखवटे कशात गुंडाळतेस?"

मला तिथेच कळलं.

गौरींचे मुखवटे आमच्याकडे पितळेचे, सासूबाईंच्या वेळचे. विसर्जनानंतर पुसून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवते. वर्तमानपत्राची शाई लागते म्हणून जाडसर गुळगुळीत कागद वापरते, आणि दरवर्षी तोच काढून पुन्हा तोच गुंडाळते. काम डोळे मिटून होतं ते असं. दरवर्षी धाकटीच्या गालाला निळसर डाग का पडतो, ह्याचं मला नवल वाटायचं, चिंचेनं घासून काढायचे, आणि पुन्हा तोच कागद लावायचे.

डबा खाली आला. थोरलीच्या अंगावर पाच पानं, धाकटीच्या अंगावर सहा. मुखपृष्ठ नव्हतंच.

रंगरावांनी शर्टाला हात पुसले, एकेक पान उघडलं आणि जिन्याच्या कठड्यावर तळहातानं सपाट केलं. कंपनीत एखादा भाग हातात घेऊन उजेडाकडे धरतात तसं एक पान धरलं. मग मला दाखवलं. धाकटीच्या नाकाचा उंचवटा त्या पानाला अजून होता.

"ह्यो बघा."

खांद्यावर हात ठेवलेला माणूस होता. तोंडातून निघालेल्या फुग्यात अक्षरं होती, 'आण इकडं'. खालच्या चित्रात तोच पायरीवर बसलेला. घडी नेमकी त्याच्या तोंडावरून गेली होती, आणि घडीवरचा रंग उडाला होता. नाक, डोळे काही राहिलं नव्हतं.

"दादा, माझ्या हातून—"

"देवापाशी व्हतं की, वैनी," ते म्हणाले. "भंगारात तर न्हाई गेलं." आणि मग, कुणाकडे न बघता, "त्वांड तेवढं पायजे व्हतं."

पानं मी पोळपाटाखाली दाबून ठेवली, वर वरवंटा ठेवला. इस्त्री चालली असती तर बरं झालं असतं. पावणेअकराला मी म्हणाले, "चला, मी सोडते स्कूटरवरून." तेवढं तरी मी देणं लागत होते. मागे बसतानाही ते निम्मे उभेच होते. स्पाइन रोडच्या सिग्नलला त्यांची मान माझ्या पाठीवर टेकली आणि दचकून वर गेली. "झोपलो न्हाई," ते म्हणाले. मी विचारलंही नव्हतं.

गणपती मंडळाच्या हॉलमध्ये चाळीसेक पोरं होती. लाईट इथेही नव्हती, पंखे बंद, सगळे घामानं निथळत. मंचावर मोठं बॅनर: वज्रा मध्ये, चौघे बाजूला, वर साखळीचं गोल चिन्ह. भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत. कुणी खुर्ची घेतली नव्हती. निम्मे मंचाला टेकून, निम्मे जमिनीवर. पोरं सिनेमाबद्दल बोलत होती आणि मी ऐकत होते. खरं सांगायचं तर मला नवल वाटलं. एक जण म्हणाला, वज्रा पहिल्यांदा हरते तेव्हा मी थिएटरात रडलो, कारण माझी आई तशीच बसते. दुसरा म्हणाला, आरसा ज्या प्रसंगात स्वतःला बघत नाही, तो मी सात वेळा बघितला. नुसती चेष्टा करणारी पोरं ही नव्हती. त्यांना ती टोळी खरंच आवडत होती, रंगरावांइतकीच. फक्त त्यांनी ती उशिरा पाहिली होती आणि पाचच जणांची पाहिली होती.

"आता आपले रंगराव काका," गणराज म्हणाला. "काका, पुरावा?"

"आणलाय," मागून कुणीतरी ओरडलं, "ओझ्या स्वतः आलाय."

हशा झाला. रंगरावसुद्धा हसले. मंचावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले आणि पान पुढे धरलं. पान हातोहात फिरलं. ज्यांच्या हातात आलं ते आधी वास घेत होते, मग बघत होते.

"काका, हा कोणीतरी म्हातारा बसलाय."

"तोंडच नाही की ह्याला."

"हात ठेवलाय म्हणजे काय, मित्र असेल. गावकरी असेल."

"गावकरी न्हाई," रंगराव म्हणाले. "टोळीतला हाय."

"पण काका, कशावरून?" गणराजनं हे नीट विचारलं. टोमणा नव्हता त्यात, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं असावं. चौसष्ट अंक त्यांना पाठ आहेत. पण पाठ असणं म्हणजे पुरावा नव्हे, हे कारखान्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. घामाची एक धार त्यांच्या कानामागून कॉलरीत गेली. मला वाटलं, आता हे "जाऊ द्या" म्हणतील. म्हणणारच होते.

पान तेव्हा तेजलच्या हातात होतं. तेजल गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या विभागात तपासणीला असते, दिवसभर तारांची टोकं मोजते. ती पान डोळ्यांपाशी नेऊन बघत होती.

"ह्याच्या कमरेला बिल्ला आहे," ती म्हणाली. "वज्राच्या कमरेला आहे तोच. गावकऱ्याला कशाला देतील?"

"छापताना चुकलं असेल."

"थांब की भावा." तिचे ओठ हलत होते. "सहा."

"काय सहा?"

"बिल्ल्यावरच्या कड्या. सहा आहेत." तिनं मान वर केली, बॅनरवरच्या चिन्हाकडे बोट केलं आणि एकेक मोजत गेली. मग शेजारच्या पोराच्या छातीवर बोट ठेवलं. "हलू नको. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. गणराज, तुझ्यावर किती आहेत?"

गणराजनं हनुवटी छातीला टेकवून स्वतःचा टीशर्ट बघितला. हॉलमधली चाळीस पोरं माना खाली घालून आपापल्या छातीवर मोजायला लागली. मला हसू आवरेना. एरवी दुपारच्या पाळीला असणारी एक पोरगी सगळ्यांच्या आधी म्हणाली, "सहाच आहेत गं."

सिनेमावाल्यांनी माणूस काढला होता आणि चिन्ह तसंच उचललं होतं. कुणी मोजलंच नव्हतं.

"काका," गणराज म्हणाला, "तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं हे?"

रंगराव बॅनरकडे बघत होते. "मला कुठं म्हाईत. चाळीस वर्सं बघायलोय ते चिन्ह. मी मानूस हुडकत व्हतो, कड्या कोन मोजतंय."

मग हॉलचा नूरच पालटला. प्रश्नावर प्रश्न. ओझ्या कुठला होता, त्याला घर होतं का, तो कधी मेला का, त्याला कुणी आवडायचं का. रंगराव सांगत होते. सतरा नंबरच्या अंकात तो अख्ख्या गावाचा थकवा घेतो ते सांगितलं. बावन्नमध्ये वज्रा त्याच्यावर चिडते, मला दमू तरी दे म्हणते, तेही सांगितलं. आवाज बसत चालला होता. मी मध्ये पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी हातात धरली आणि प्यायची विसरले.

तेजलनं विचारलं, "आणि ह्याचा थकवा कोण घेतं, काका?"

"ते पुढं येनार व्हतं," रंगराव म्हणाले. "चौसष्टच्या शेवटी लिहिलंय, पुढच्या अंकी ओझ्याची गोष्ट. पासष्ट निघालाच न्हाई."

बाहेर स्पाइन रोडवरून एक कंटेनर गेला तेवढाच आवाज.

मग गणराज उठला. पोरांच्या अंगात आलं होतं. बॅनर नवीन करू, सहावा घालू, चित्र काका सांगतील तसं काढू. काकांचा सत्कार करू, आत्ताच. मंडळाच्या कपाटात शाल आहे, नारळ कोपऱ्यावर मिळेल. कुणीतरी धावलंसुद्धा. काकांचा व्हिडिओ करू, चौसष्टही गोष्टी बोलून घेऊ, दर गुरुवारी एक. आधी फोटो, सगळ्यांचा, बॅनरखाली. काका मध्ये, हातात ते पान. पोरं उठली, केस सारखे केले, उंच मागे आणि बुटके पुढे असं करत उभी राहिली. मधली जागा रिकामी ठेवली.

"या काका," गणराज म्हणाला. "आज तुम्ही सांगाल ते. काय पाहिजे ते मागा."

रंगराव त्या मोकळ्या जागेपर्यंत गेले. काल रात्री अकराला ते ओळीवर उभे राहिले होते, आणि आता दुपारचे बारा वाजायला आले होते. त्यांनी भिंतीकडे बघितलं.

"गणराज," ते म्हणाले, "एक खुर्ची आण इकडं. मला बसायचंय."